खालचा कप्पा गार होईना : फ्रीज दुरुस्तीच्या नोंदी

फ्रीज दोन दारी, फ्रॉस्ट फ्री, २०१४ साली घेतलेला. मागच्या स्टिकरवर गॅस आर-१३४ए, ११० ग्रॅम. आत डिजिटल काही नाही, फिरवायची दोन बटणं. घर रत्नागिरीत, समुद्र चालत दहा मिनिटांवर.

१२ एप्रिल २०२५, शनिवार

सकाळी चहाला दूध ठेवलं आणि फाटलं. काल संध्याकाळीच आणलेलं. आई म्हणाली, "अगो, दोन दिवस झाले, ताक पण लगेच आंबट होतंय." वरच्या फ्रीजरमध्ये बर्फाचा ट्रे मात्र दगडासारखा घट्ट.

थर्मामीटर नुसता ठेवला तर दार उघडताच आकडा पळतो. म्हणून पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या फळीवर ठेवला आणि दोन तास दार उघडलं नाही. खाली १४ अंश. खाली ४ च्या आसपास हवेत आणि वर उणे १८. वर उणे ११ भरले.

खरी काळजी दुधाची नाही. आईची इन्सुलिनची न उघडलेली दोन कार्ट्रिज याच कप्प्यात होती, आणि ती २ ते ८ अंशांत राहायला हवीत. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, १४ अंशांनी लगेच बिघडणार नाहीत, पण ती आता खोलीत ठेवल्यासारखीच धरा, तारीख घाला आणि हीच आधी संपवा. दोन्हींवर आजची तारीख चिकटवली. नवीन आणायची ती शेजारच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये राहतील. वहिनींनी दाराकडची फळीच रिकामी करून दिली.

१३ एप्रिल, रविवार

मेकॅनिक येऊन गेला. कॉम्प्रेसरला हात लावला, फ्रीजर उघडून बघितला. "ताई, गॅस गेलाय. वर्कशॉपला न्यावा लागेल, तीन दिवस, ३,८०० रुपये." येण्याचे ३०० दिले आणि विचार करून कळवते म्हटलं.

विचार तो गेल्यावर केला. गॅस कमी झाला तर वरचा कप्पाही ढिला पडायला हवा, कारण थंडी तयार होते ती वरच. फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये गार होणारी कॉईल एकच असते. ती फ्रीजरच्या मागच्या प्लॅस्टिक पॅनेलच्या आड असते. तिथला छोटा पंखा हवा कॉईलवरून ओढतो, बरीचशी फ्रीजरमध्ये सोडतो आणि थोडी मधल्या मार्गाने खाली पाठवतो. खालच्या कप्प्याची स्वतःची थंडी नसतेच, वरून येईल तेवढीच. वर बर्फ होतोय आणि खाली १४ अंश, म्हणजे थंडी तयार होतेय आणि खाली पोचत नाहीये. संशय वाटेवर घ्यायला हवा.

फ्रीजरचं दार उघडून दाराचं बटण बोटाने दाबून धरलं. पंखा फिरतोय, पण घुसमटल्यासारखा, कशाला तरी घासत. खाली जिथून हवा येते त्या जाळीपाशी अगरबत्ती धरली. धूर सरळ वर गेला, जरासुद्धा हलला नाही. वाट बंद आहे.

१४ एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंतीची सुट्टी. मुलगी घरी होती, बारावीची परीक्षा नुकतीच संपल्यामुळे मदतीला मोकळी. प्लग काढला आणि सगळं सामान बाहेर आलं. बांगडे वहिनींकडे गेले, कोकमाचं आगळ काही बिघडत नाही म्हणून ओट्यावरच राहिलं.

फ्रीजरच्या मागच्या पॅनेलचे दोन स्क्रू प्लॅस्टिकच्या टोप्यांखाली होते. स्क्रू निघाले, पॅनेल हलेना. आतून बर्फाने धरलेलं. इथे सुरी, उलथणं, स्क्रू ड्रायव्हर असलं काही घालायचं नाही. कॉईल ॲल्युमिनियमची असते, एक टोच बसली की गॅस खरंच जातो आणि मग ३,८०० खरंच द्यावे लागतात. कढत पाण्याचं पातेलं आत ठेवलं, दार उघडं आणि समोर टेबल फॅन. पाणी तीनदा बदललं. सव्वाचार तासांनी पॅनेल हातात आलं.

मागे पांढरी भिंत. पंखे, नळ्या, पत्रे काही दिसत नव्हतं. भुरभुरीत हिम थरावर थर बसून शेवटी घट्ट झालेलं, आणि डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत सारखंच. हे सारखेपण महत्त्वाचं आहे. गॅस कमी असता तर नळी जिथून सुरू होते तिथेच थोडं हिम धरलं असतं आणि उरलेली कॉईल कोरडी राहिली असती. आमची पूर्ण भरली होती, म्हणजे गॅस शेवटपर्यंत पोचतोय. मुलीने फोटो काढून ठेवला. मेकॅनिकच्या निदानाला उत्तर द्यायला तो एवढा पुरेसा होता.

वितळलेलं पाणी टॉवेल पिळून आणि ताटलीत धरून मोजलं. पावणेदोन लिटर.

एवढं हिम साचू नये म्हणून फ्रीजमध्ये आपोआप वितळवण्याची सोय असते. टायमर ठरावीक तासांनी कॉम्प्रेसर बंद करतो आणि कॉईलखालच्या हीटरला वीज देतो. कॉईलच्या नळीला एक बायमेटल चिकटवलेला असतो. नळी खूप गार असेल तरच तो हीटरची वाट जोडून ठेवतो आणि नळी गरम झाली की तोडतो. त्यातूनही उष्णता वाढलीच तर थर्मल फ्यूज जळतो आणि सगळं कायमचं थांबतं. साखळीत चार मणी, त्यातला एक निखळला असणार.

मल्टीमीटर घेतला. हीटर ३४८ ओम. आपल्या २३० व्होल्टला तो दीडशे वॉटच्या जवळपास बसतो, म्हणजे शाबूत. थर्मल फ्यूजवर बीप वाजला, तोही शाबूत. बायमेटलवर काही वाजलं नाही. पण उन्हाळ्यातल्या खोलीत त्याने वाट तोडलेलीच असायला हवी, त्यामुळे यावरून काही ठरत नाही. त्याला गारठवूनच विचारायला हवं, आणि घरात तर आता बर्फ नव्हता. मुलगी स्कूटर काढून मिरकरवाड्याला गेली आणि मासळीवाल्यांकडून पिशवीभर फोडलेला बर्फ घेऊन आली. पातेल्यात तीन वाट्या बर्फ, एक वाटी खडे मीठ. मिठाने बर्फ शून्याच्या बराच खाली जातो. बायमेटल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात पुरला आणि मीटरच्या वायरी बाहेर ठेवल्या. त्याच्या दोन्ही टोकांना कनेक्टर होते, कापाकापी लागली नाही. सहाव्या मिनिटाला टिक झालं आणि मीटर ओरडला. थर्मामीटर उणे ९. शाबूत.

आता राहिला टायमर. तो आमच्या फ्रीजमध्ये मागे, खाली, कॉम्प्रेसरशेजारी आहे. काही फ्रीजमध्ये तो खालच्या कप्प्याच्या छतात, बल्बच्या डब्यामागे असतो. त्याची परीक्षा कॉईल गार असतानाच घेता येते. म्हणून सगळं परत जोडून रात्री नऊला फ्रीज चालू केला.

पाणी जायचं भोकही साफ केलं. कॉईलखालच्या पन्हळीत मधोमध ते असतं, काळ्या बुळबुळीत गाळाने बुजलेलं. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ओतला आणि माशांच्या टाकीची पातळ नळी आत सरकवली. खालच्या ट्रेमध्ये पाणी पडल्याचा आवाज आला. ट्रेमध्ये पालीची दोन अंडी होती, ती पेरूच्या झाडाखाली नेऊन ठेवली.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी खाली ५, वर उणे १६. आई खूश. "झाला की गो!" पण अजून झालेला नाही. हिम वितळलं म्हणून वाट मोकळी झाली, एवढंच.

एक गोष्ट मनात आली ती लिहून ठेवते. फ्रीज वर्कशॉपला गेला असता तर तीन दिवस बंद पडून सगळं हिम आपोआप वितळलं असतं. गॅस काढून भरला असता, फ्रीज घरी आला असता आणि पंधरा दिवस छान चालला असता. मग आम्हीही म्हटलं असतं, गॅसच गेला होता.

रात्री टायमर. टायमरच्या मधोमध स्क्रू ड्रायव्हर बसेल अशी खाच असलेला दांडा असतो. तो घड्याळाच्या दिशेने हळू फिरवायचा, उलटा कधीच नाही. घरातले सगळे दिवे, पंखे बंद केले. हीटर चालू आहे की नाही हे पॅनेल न उघडता कळायला विजेच्या मीटरचा उपयोग होतो. आमच्या मीटरवर ३२०० इंपल्स म्हणजे एक युनिट, असं छापलंय. दीडशे वॉट मिनिटाला अडीच वॉट-तास खातात, म्हणजे लाल दिवा मिनिटाला ८ वेळा लुकलुकायला हवा. नोंद जशी केली तशी :

१०:०५ दांडा फिरवला, टक् झालं, कॉम्प्रेसर बंद.
१०:०६ मीटर मिनिटाला ८.
१०:२० ट्रेमध्ये थेंब पडायला लागले.
१०:३१ लुकलुक थांबली. बायमेटलने तोडलं.
१०:५० कॉम्प्रेसर अजून बंद. फार उशीर झाला, दांडा थोडा पुढे फिरवला. सुरू झाला.

चारही मणी शाबूत. मग हिम साचलं कशामुळे?

१६ एप्रिल, बुधवार

मागची काळी जाळी घासली. नारळाच्या शेंड्या, मांजराचे केस आणि त्यावर तेलकट धूळ. कपड्याचा ब्रश आणि व्हॅक्यूम. फ्रीज भिंतीला टेकलेला होता, एक वीत पुढे ओढला. कालपर्यंत कॉम्प्रेसर तासातली ४८ मिनिटं चालत होता, आज ४०.

१८ एप्रिल, शुक्रवार

दाराच्या रबराची परीक्षा. दहाची नोट दारात अडकवायची आणि ओढायची. ओढताना नोट धरून राहिली तर रबर बसतंय, सरकली तर नाही. चारही बाजूंनी चोवीस ठिकाणी केलं. खालच्या दाराचा बिजागरीकडचा कोपरा आणि त्यालगतची वीतभर जागा, दोन्हीकडे नोट लोण्यातून सुरी निघावी तशी आली. तिथं रबर चिरलेलंही आहे.

मिळालं वाटतं कारण. आमची हवा एप्रिलमध्ये ओल्या पंच्यासारखी असते. ती फटीतून चोवीस तास आत येणार, आणि हवेतलं पाणी फ्रीजमधल्या सर्वांत गार जागेवर, म्हणजे कॉईलवर बसणार.

२० एप्रिल, रविवार

नवीन रबर आणलं, ७०० रुपये. जुनं काढून दुकानात घेऊन गेले होते. मापाने मागितलं तर एक सेंटिमीटरचा फरक पडतो आणि मग कोपरे कधीच बसत नाहीत. आमचं खाचेत दाबून बसवायचं आहे. काहींना दाराच्या आतल्या पत्र्याखाली स्क्रूने धरलेलं असतं.

नवीन रबर घडी घालून पिशवीत आलेलं असतं, त्यावर वळ असतात. आधी मोठ्या घमेल्यात कढत पाण्यात दहा मिनिटं टाकलं, वळ सुटले. मग चार कोपरे पहिल्यांदा आणि त्यानंतर कोपऱ्यांकडून मधे. एका टोकापासून ओढत गेलं की शेवटी दोन बोटं रबर उरतं. बिजागरीच्या बाजूला व्हॅसलिनचा पातळ हात. फ्रीजचे पुढचे पाय अर्धा फेरा वर केले, म्हणजे दार अर्ध्यावर सोडलं तरी स्वतःहून लागतं.

नोट चोवीसही ठिकाणी अडली. खाली ४, वर उणे १७. काम संपलं असं लिहिते.

२१ एप्रिल, सोमवार

फ्रीज ओढताना ओल्या हाताला हलका झटका लागला होता. सॉकेट तपासलं तर अर्थची वायर मागे सुटून लोंबत होती. घरात म्हातारं माणूस अनवाणी फ्रीज उघडतं. इलेक्ट्रिशियनला त्याच दिवशी बोलावलं. यात मी हात घातला नाही. वायर जोडून त्याने अर्थिंगचा खड्डाही बघितला, आठवड्याला बादलीभर पाणी घाला म्हणाला.

२६ एप्रिल, शनिवार

रोज रात्री अकराचा खालचा आकडा : २० ला ४, २१ ला ४, २२ ला ४, २३ ला ५, २४ ला ५, २५ ला ६, आज ७.

दार कमी उघडलं, गरम काही ठेवलं नाही. तरी चढतोय.

२७ एप्रिल, रविवार

खाली ८. फ्रीजरच्या पॅनेलच्या फटीतून टॉर्च मारला. आत पांढरं दिसतंय. परत तेच.

दुपारभर वाईट वाटत होतं. सातशेचं रबर, दोन रविवार आणि आईला मी सांगून बसले होते की तुझं औषध सोमवारी परत घरी येईल. ती काही बोलली नाही. संध्याकाळी वहिनींकडे जाऊन स्वतःच पेनमध्ये कार्ट्रिज भरून आली.

रात्री या नोंदी पहिल्यापासून वाचल्या. उत्तर १५ तारखेला लिहिलेलं आहे, माझ्याच हाताने. "१०:५० कॉम्प्रेसर अजून बंद. दांडा थोडा पुढे फिरवला." हीटर १०:३१ ला बंद झाला, त्यानंतर टायमरने स्वतः पुढे सरकून कॉम्प्रेसर चालू करायला हवा होता. एकोणीस मिनिटं तो जागचा हलला नव्हता. मी हाताने फिरवला म्हणून सुरू झाला. टायमरचे आतले संपर्क ठीक आहेत हे मी तपासलं. तो स्वतः फिरतो का, हे तपासलंच नाही. माझ्या हाताच्या फिरवण्यालाच मी टायमरचं फिरणं धरलं.

रबर फाटकं होतं हे खरं, आणि त्याने हिम लवकर साचत असणार हेही खरं. पण रबर कितीही चांगलं असलं तरी दार उघडतंच, ओल आत येतेच. रोज वितळवलं नाही तर पंधरा दिवसांनी भिंत उभी राहणारच.

झोपायच्या आधी दांड्याच्या खाचेच्या एका टोकाला आणि समोर टायमरच्या अंगावर पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका लावला. घड्याळाच्या भाषेत ठिपका दहावर.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी ७, ठिपका दहावर. दुपारी २, दहावर. रात्री ११, दहावर.

हा टायमर फक्त थर्मोस्टॅट (पुरेसं गार झालं की कॉम्प्रेसर बंद करतो तो) चालू असताना फिरतो, म्हणजे तो कॉम्प्रेसरचे तास मोजतो. पण आज कॉम्प्रेसर निदान सोळा तास चालला आहे. एवढ्यात तो फिरायला हवाच होता.

२९ एप्रिल, मंगळवार

प्लग काढून टायमर सोडवला. जोडणीचा फोटो आधी काढला, वायरींना मुलीने कागदी चिठ्ठ्या बांधल्या. टायमरच्या अंगावर बारीक आकृती छापलेली असते. आमच्यावर १ आणि ३ मध्ये मोटर, ३ ते ४ कॉम्प्रेसर, ३ ते २ हीटर. १ आणि ३ वर मीटर लावला. सर्वांत मोठ्या रेंजलासुद्धा आकडा नाही, मोटर तुटलेली. ३-४ वर बीप, म्हणून कॉम्प्रेसर बिनबोभाट चालू होता.

टाकायचाच आहे म्हणून चाकूने डबी उघडली. दातेरी चाकं पांढरीशुभ्र, एक दातही झिजलेला नाही. मोटरची तार केसाहून बारीक तांब्याची असते. तिचं टोक जिथं पितळी पट्टीला डाखलेलं होतं तिथे हिरवा खार धरला होता, मोहरीएवढा. टाचणीने स्पर्श केला तर तो पावडर होऊन पडला आणि आत तार दोन केसांच्या अंतराने तुटलेली दिसली. भिंगातून आईलाही दाखवली. अकरा वर्षं खारा वारा त्या कोपऱ्यात येतोय, आणि कॉम्प्रेसरच्या ट्रेमधून वाफही तिथंच सुटते.

डाख मारून जोडायचा प्रयत्न केला. तार टेकताच तुटते. सोडून दिलं.

हिम परत वितळवलं. या वेळी सव्वा लिटर.

३० एप्रिल, बुधवार

अक्षय्य तृतीया, बाजारात आंब्यांची गर्दी. स्पेअर पार्टवाल्या दादांनी जुना टायमर बघितल्याशिवाय नवा द्यायला नकार दिला, ते बरं केलं. बाहेरून हुबेहूब दिसणारे दोन त्यांनी शेजारी ठेवून दाखवले, एकात मोटर १-३ वर, दुसऱ्यात वेगळ्या जोडीवर. चुकीचा लावला तर फ्रीज चालल्यासारखा दिसतो आणि पुन्हा हीच गत. अंगावरचा क्रमांक अक्षर न अक्षर जुळवून घेतला. ३२० रुपये.

बसवण्याआधी १-३ मोजलं, काही हजार ओमचा आकडा आला. चिठ्ठ्यांप्रमाणे वायरी लावल्या. वायरींची जुनी टोकं काळवंडली होती, बारीक पॉलिश पेपरने घासून घेतली. टायमर होता तिथेच ठेवला, पण ट्रेची वाफ थेट लागू नये म्हणून जुन्या प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण कापून मधे आडोसा केला. कॉम्प्रेसरला कुठे टेकणार नाही, वारा अडणार नाही, एवढं बघितलं.

दांडा फिरवून वितळवण्याच्या जागेच्या लगेच पुढे आणला. रात्री ९ ला चालू. नेलपॉलिशचा नवा ठिपका बारावर.

कोणी हे घरी करणार असेल तर एक लिहून ठेवते. पॅनेल, टायमर, हीटर, रबर इथपर्यंत प्लग काढून करता येतं. नळी कापणं, गॅस भरणं हे घरचं काम नाही. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, तो पेट घेतो. स्टिकरवर ज्वालेचं चिन्ह असेल तर हिम वितळवायला हेअर ड्रायरही आत नेऊ नये. पातेलं आणि टेबल फॅन बरा, वेळ लागला तरी.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. सकाळी ७ ला ठिपका दहाच्या पुढे! मुलीला झोपेतून उठवून दाखवला.

आठच्या पुढे कोणी मिक्सर लावायचा नाही, पंखे नाहीत, टीव्ही नाही, असं ठरलं. आई मीटरखाली खुर्ची टाकून बसली, हातात घड्याळ. मी फ्रीजपाशी.

९:१२ टक्. मी दांड्याला हात लावलेला नाही. कॉम्प्रेसर थांबला.
९:१३ आई ओरडली, "आठ!"
९:१४ आठ. ९:१५ आठ.
९:२४ ट्रेमध्ये पहिला थेंब.
९:३३ लुकलुक थांबली.
९:४१ टक्. कॉम्प्रेसर स्वतःहून सुरू.

आई म्हणाली, आता पंखा लावू का?

५ मे, सोमवार

चार दिवस खाली ४, वर उणे १७ ते उणे १८. कॉम्प्रेसर तासातली ३४ मिनिटं.

औषध परत आणण्याआधी खालच्या कप्प्यात सहा ठिकाणी थर्मामीटर फिरवला, प्रत्येक ठिकाणी एक रात्र किंवा एक दुपार. हवेच्या जाळीसमोर १ अंश. तिथे इन्सुलिन ठेवलं तर एखाद्या रात्री गोठेल, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळवून वापरायचं नसतं. दारात उघडझाप होते तेव्हा ९ पर्यंत जातं. मधल्या फळीवर पुढच्या बाजूला ४ ते ५, सगळ्यांत स्थिर. तिथं झाकणाचा स्टीलचा डबा ठेवला, त्यावर आईच्या अक्षरात चिठ्ठी. वहिनींकडची कार्ट्रिज दुपारी घरी आली. त्यांना पहिल्या पेटीतले सहा हापूस दिले.

खर्च : मेकॅनिकची फेरी ३००, रबर ७००, टायमर ३२०, बर्फ आणि मीठ ५०. इलेक्ट्रिशियनचे ४०० वेगळे.

२६ मे, सोमवार

पाऊस यंदा मे महिन्यातच आला. पाच-सहा दिवस नुसता कोसळतोय, भिंती ओल्या, काड्यापेटी पेटत नाही. वीज आज चार वेळा गेली. वीज आल्यावर फ्रीज लगेच लावत नाही, पाच मिनिटं थांबते, म्हणजे गॅसचा दाब दोन्हीकडे सारखा होतो आणि कॉम्प्रेसर अडत नाही.

या ओलीत कॉईल कशी आहे ते बघायचं होतं. फ्रीजरच्या पॅनेलच्या फटीतून टॉर्च मारला. ॲल्युमिनियमचे पत्रे मोजता येतात, त्यांच्यावर साखर भुरभुरल्यासारखं पातळ हिम.

रात्री ११ : खाली ४, वर उणे १७. ठिपका सकाळी बारावर होता, आत्ता सातवर.